कार्ड कंट्रोलरच्या ड्रायव्हरला झोपवणं आणि नीट उठवणं: नव्याने शिकणाऱ्यांसाठी

कार्ड ओळखलं गेलं, फाइल सिस्टिम माउंट झाली, वाचन-लेखनाचा वेगही बरा आला, की ड्रायव्हरचं काम उरकलं असं वाटतं. मग कुणीतरी मीटर लावून बोर्ड सस्पेंड करतं आणि आकडा बघून विचारतं, "एवढा करंट जातोय कुठे?" पुण्यात एखाद्या एम्बेडेड कंपनीच्या बीएसपी टीमला (बोर्डसाठी कर्नल आणि ड्रायव्हर तयार करणाऱ्या) नव्याने लागलात, तर हा प्रश्न आज ना उद्या तुमच्या टेबलावर येणारच. माहिती भरपूर आहे, पण विखुरलेली: थोडी कर्नलच्या डॉक्युमेंटेशनमध्ये, थोडी एसडी असोसिएशनच्या स्पेसिफिकेशनमध्ये, थोडी चिपच्या मॅन्युअलमध्ये आणि उरलेली दुसऱ्यांच्या ड्रायव्हरमध्ये. ती ज्या क्रमाने लागते त्या क्रमाने इथे मांडतो आहे.

हा लेख लिनक्स कर्नलमधल्या एमएमसी सबसिस्टिमबद्दल आहे, म्हणजे एसडी कार्डं, ईएमएमसी (बोर्डवर सोल्डर केलेली साठवणुकीची चिप) आणि एसडीआयओ (तशाच तारांवर जोडलेली वायफायसारखी डिव्हाइसं) सांभाळणाऱ्या भागाबद्दल. त्याच्या सामाईक कोडला पुढे 'कोअर' म्हटलं आहे, आणि पीएम म्हणजे पॉवर मॅनेजमेंट. उदाहरणं मुख्यतः एसडीएचसीआय पद्धतीच्या, म्हणजे एसडी असोसिएशनने ठरवलेल्या प्रमाण रचनेच्या कंट्रोलरची आहेत. फंक्शन, फाइल आणि प्रॉपर्टींची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. सोर्समध्ये शोधताना तीच रोमन स्पेलिंगने टाका.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. सस्पेंडचा कोड लिहायला फार डोकं लागत नाही. क्लॉक बंद केलं की झालं. खरी गोम रिझ्यूममध्ये आहे. त्यामुळे एखादी गोष्ट बंद करण्याची ओळ लिहिताना, ती परत चालू झाल्यावर काय काय विसरलेली असेल, हे त्याच वेळी बाजूला लिहून ठेवा. पुढचे निम्मे दिवस वाचतात.

१. आधी जमवाजमव

- नवीन मेनलाइन (मूळ, अधिकृत) कर्नलचा सोर्स. चिप कंपनीने दिलेला कर्नल जुना असेल तर तुलनेसाठी तरी मेनलाइन हवाच.
- चिपचं मॅन्युअल. त्यातही क्लॉक, रीसेट आणि पॉवर डोमेनची प्रकरणं. कार्ड कंट्रोलरचं प्रकरण सगळे वाचतात, ही तीन कुणी वाचत नाही.
- बोर्डची स्कीमॅटिक. कार्डाचा ३.३ व्होल्टचा पुरवठा स्विचमधून येतो की थेट रेलवरून (बोर्डच्या कायम चालू पुरवठ्यावरून), हे कोडमध्ये कधीच दिसत नाही.
- एसडी असोसिएशनच्या सिम्प्लिफाइड स्पेसिफिकेशन्स: फिजिकल लेयरची आणि होस्ट कंट्रोलरची. दोन्ही फुकट मिळतात. ईएमएमसीचं स्टँडर्ड जेडेक या उद्योगसंस्थेचं आहे.
- सीरियल कन्सोल. कर्नलच्या कमांड लाइनवर 'नो_कन्सोल_सस्पेंड' टाका, नाहीतर नेमक्या हव्या त्या क्षणी कन्सोलच झोपी जातो.
- रूट फाइल सिस्टिम दुसरीकडे: एनएफएसवर (नेटवर्कवरच्या फाइल सिस्टिमवर), यूएसबीवर किंवा दुसऱ्या कंट्रोलरवर. ज्या कार्डावर प्रयोग करायचा त्याच्यावरूनच सिस्टिम चालवली, तर कार्ड गेलं की लॉगही गेला.
- वेगवेगळ्या कंपन्यांची चारदोन कार्डं. त्यात एखादं जुनं, यूएचएस (१.८ व्होल्टच्या सिग्नलवर चालणारा जलद प्रकार) नसलेलं जरूर ठेवा.
- मल्टिमीटर, आणि जमलं तर ऑसिलोस्कोप. सहाव्या पायरीला तो लागतोच.

कर्नल कॉन्फिगमध्ये पीएम_डीबग, पीएम_ॲडव्हान्स्ड_डीबग आणि डायनॅमिक_डीबग चालू करा. एमएमसी_टेस्ट हे मॉड्यूलही उपयोगी आहे, पण ते कार्डावरच्या डेटावरून नांगर फिरवतं, तेव्हा त्यासाठी वेगळं कार्ड ठेवा.

शिकायला बोर्ड निवडायचा असेल तर बीगलबोन ब्लॅक बरा: त्यावर ईएमएमसी आणि मायक्रोएसडी दोन वेगळ्या कंट्रोलरवर आहेत. रास्पबेरी पाय घरोघरी सापडतो, पण त्याच्या चौथ्या पिढीपर्यंत तरी सस्पेंड-टु-रॅम (फक्त रॅम जागी ठेवून बाकी सिस्टिम झोपवणं) मिळत नाही. सिस्टिम सस्पेंडचा सराव त्यावर होणार नाही.

२. कुणाची झोप कुणाच्या हातात

पहिला गोंधळ इथेच होतो. झोपणाऱ्या गोष्टी तीन आहेत आणि तिघींचे मालक वेगळे.

कार्ड हे स्वतः एक डिव्हाइस आहे. त्याचा रनटाइम पीएम, म्हणजे सिस्टिम जागी असतानाच निवांत डिव्हाइसला झोपवायची सोय, एमएमसी कोअर आणि ब्लॉक ड्रायव्हर बघतात. कार्डावर काम थांबून ३ सेकंद झाले की त्याची ऑटोसस्पेंडची वेळ भरते. पण म्हणून कार्डाची वीज जात नाही. होस्टने 'एमएमसी_कॅप_ॲग्रेसिव्ह_पीएम' ही क्षमता जाहीर केली असेल, तरच कोअर रनटाइममध्ये कार्डाचा पुरवठा तोडतो. बहुतेक बोर्डांवर ती नसते, आणि नसलेलीच बरी. कार्ड पुन्हा सुरू करायला वेळ लागतो. स्पेसिफिकेशन एसडी कार्डाला सुरुवातीच्या तयारीसाठी तब्बल १ सेकंद देतं.

कंट्रोलर हे दुसरं डिव्हाइस. ते तुमचं. इथे लक्षात ठेवायचं ते हे, की त्याला उठवणं-झोपवणं कोअरच करतो. 'एमएमसी_क्लेम_होस्ट' मध्ये तो पीएम रनटाइमचा काउंट (डिव्हाइस किती जण वापरताहेत त्याची मोजणी) वाढवतो आणि 'एमएमसी_रिलीज_होस्ट' मध्ये सोडतो. पूर्वी प्रत्येक ड्रायव्हर हे स्वतः करायचा, त्यामुळे जुन्या ड्रायव्हरमध्ये रिक्वेस्ट फंक्शनच्या आतही गेट (काउंट वाढवणं) आणि पुट (काउंट सोडणं) दिसतात. ते बघून तुम्हीही तसंच लिहू नका. तसंच 'एमएमसी_सस्पेंड_होस्ट' हे फंक्शन एखाद्या जुन्या कोडमध्ये दिसलं तर तो कोड तिथेच मिटा. ते फंक्शन कर्नलमधून जाऊन जमाना झाला. 'एमएमसी_क्लकगेट' या कॉन्फिगचीही तीच गत.

तिसरी गोष्ट म्हणजे पुरवठा. व्हीएमएमसी हा कार्डाच्या पोटातला पुरवठा, व्हीक्यूएमएमसी हा सिग्नलच्या तारांचा. तो कधी द्यायचा आणि कधी काढायचा हे कोअर ठरवतो आणि 'सेट_आयओएस' या कॉलबॅकमधून तुम्हाला पॉवर ऑफ, पॉवर अप, पॉवर ऑन असं सांगतो. रनटाइम सस्पेंडमध्ये या दोन रेग्युलेटरना हात लावायचा नाही. कंट्रोलर झोपला तरी कार्ड जागंच असतं आणि त्याने आपला पत्ता, आपला वेग, आपलं व्होल्टेज लक्षात ठेवलेलं असतं. तुम्ही परस्पर वीज काढली तर कार्ड सगळं विसरतं, कोअरला मात्र त्याचा पत्ताच नसतो. पुढची कमांड टाइमआउट होते.

३. प्रोबमधला क्रम

प्रोब म्हणजे ड्रायव्हर डिव्हाइसला जोडला जाताना चालणारं फंक्शन. त्यात क्लॉक चालू करून, रजिस्टरं वाचून, होस्ट तयार झाल्यावर हा क्रम ठेवा:

१. पीएम_रनटाइम_गेट_नोरिझ्यूम
२. पीएम_रनटाइम_सेट_ॲक्टिव्ह
३. पीएम_रनटाइम_सेट_ऑटोसस्पेंड_डिले, सुरुवातीला ५० मिलिसेकंद
४. पीएम_रनटाइम_यूज_ऑटोसस्पेंड
५. पीएम_रनटाइम_एनेबल
६. होस्टची नोंदणी, म्हणजे एमएमसी_ॲड_होस्ट किंवा एसडीएचसीआय_ॲड_होस्ट
७. पीएम_रनटाइम_पुट_ऑटोसस्पेंड

दुसरी पायरी गाळली जाते आणि त्यातून एक छुपा दोष निघतो. कोणतंही डिव्हाइस सुरुवातीला 'झोपलेलं' आहे असंच पीएम कोअर धरून चालतो. तुम्ही प्रोबमध्ये क्लॉक हाताने चालू केलंत, पण डिव्हाइस जागं आहे हे सांगितलं नाहीत, की पहिल्याच गेटला रनटाइम रिझ्यूम चालतो आणि क्लॉक दुसऱ्यांदा चालू होतं. काउंट दोन. नंतर सस्पेंड एकदाच बंद करतो, काउंट एकवर राहतो आणि क्लॉक जन्मभर चालू. कार्ड छान चालतं, एकही एरर येत नाही, फक्त बॅटरी उतरते. डीबगएफएसमधली (कर्नलच्या डीबगिंगसाठीच्या आभासी फाइल सिस्टिममधली) 'क्लक_समरी' ही फाइल उघडून आपल्या क्लॉकसमोरचा एनेबल काउंट बघा: कार्ड निवांत असताना तो शून्य दिसला पाहिजे.

दुसरा सापळा पीएम_रनटाइम_गेट_सिंकचा. हे फंक्शन अपयशी ठरलं तरी काउंट वाढवूनच परत येतं. एरर आला म्हणून तुम्ही थेट बाहेर पडलात, तर तो काउंट कायमचा अडकला. नवीन कोडमध्ये पीएम_रनटाइम_रिझ्यूम_अँड_गेट वापरा. ते अपयशी ठरल्यास वाढवलेला काउंट स्वतःच परत करतं.

रिमूव्हमध्ये आधी डिव्हाइस जागं करा, मग होस्ट काढा, मग पीएम_रनटाइम_डिसेबल, मग पीएम_रनटाइम_पुट_नोआयडल. क्लॉक शेवटी. मॉड्यूल काढून परत घालायची चाचणी इथेच घ्या. प्रोब आणि रिमूव्ह यांच्यात एखादा काउंट राहून गेला असेल तर तो दुसऱ्या फेरीत उघडा पडतो.

४. रनटाइम सस्पेंड आणि रिझ्यूम

एसडीएचसीआयसाठी बरंचसं आयतं मिळतं. सस्पेंडमध्ये 'एसडीएचसीआय_रनटाइम_सस्पेंड_होस्ट' बोलवा, मग आपली क्लॉकं बंद करा. रिझ्यूममध्ये उलट क्रम: आधी क्लॉकं, मग 'एसडीएचसीआय_रनटाइम_रिझ्यूम_होस्ट'. तुमच्या कंट्रोलरला कमांड क्यू इंजिन (कमांड रांगेत लावून चालवणारा भाग) असेल तर त्याचं सस्पेंड आणि रिझ्यूम वेगळं बोलवावं लागतं, ते विसरू नका.

आयतं फंक्शन आत काय करतं हे एकदा वाचून घ्या, कारण तुमचा कंट्रोलर एसडीएचसीआय नसेल तर हेच सगळं हाताने लिहायचं आहे. सस्पेंडमध्ये ते इंटरप्ट बंद करतं, चालू असलेला हँडलर संपेपर्यंत थांबतं आणि 'रनटाइम_सस्पेंडेड' असा झेंडा लावतं. इंटरप्ट हँडलर शिरताक्षणी तो झेंडा बघतो आणि लावलेला असेल तर 'हा माझा नाही' म्हणून परत जातो. हा झेंडा का? कारण इंटरप्टची लाइन दुसऱ्या डिव्हाइसबरोबर वाटून घेतलेली असू शकते. दुसऱ्याचा इंटरप्ट आला, तुमचा हँडलर चालला आणि त्याने बंद क्लॉकवरचं रजिस्टर वाचलं, तर कित्येक एआरएम चिपवर एक्स्टर्नल अबॉर्ट येऊन कर्नल कोसळतो. काही चिपवर तर तेवढंही होत नाही. बस अडकते, बोर्ड निपचित पडतो आणि लॉगमध्ये एक अक्षर नाही.

रिझ्यूममध्ये धरून चाला की सगळी रजिस्टरं गेली. तुमच्या चिपवर नुसतं क्लॉक बंद होत असेल तर ती टिकतीलही, पण पॉवर डोमेन बंद होत असेल तर टिकणार नाहीत. पुढच्या चिपवर काय होईल कुणी सांगावं? एसडीएचसीआय म्हणूनच रिझ्यूमला लक्षात ठेवलेलं क्लॉक आणि पॉवर मुद्दाम शून्य करतं आणि मग सेट_आयओएस बोलवतं. शून्य न करता बोलवलं तर 'वेग तोच आहे, बदलायचं कारण नाही' म्हणून ड्रायव्हर रजिस्टर लिहायचंच टाळतो. सिग्नलचं व्होल्टेज, टायमिंग मोड, डिले लाइन (सिग्नलला नेमका उशीर देणारं सर्किट), चिप कंपनीची स्वतःची खास रजिस्टरं, सगळं परत लिहायचं. यातलं शेवटचं हमखास राहतं, कारण ते एसडीएचसीआयच्या कोडला माहीतच नसतं.

ट्यूनिंगचंही तसंच. एसडीआर१०४ हा मोड २०८ मेगाहर्ट्झपर्यंत आणि ईएमएमसीचे एचएस२००, एचएस४०० हे २०० मेगाहर्ट्झपर्यंत चालतात. या वेगाला डेटा नेमका कोणत्या क्षणी उचलायचा हे ट्यूनिंगने ठरतं. कंट्रोलर झोपून उठल्यावर ती जागा हरवलेली असू शकते. सस्पेंडमध्ये 'एमएमसी_रिट्यून_नीडेड' बोलवलं, की पुढच्या रिक्वेस्टआधी कोअर ट्यूनिंग करून घेतो. हे राहिलं तर कार्ड उठल्यावर चालतं, पण मधूनच -८४, म्हणजे सीआरसी (डेटा शाबूत आहे ना याची पडताळणी) चुकल्याचा एरर येतो. बोर्ड गार असताना चालणारं आणि तापल्यावर बिघडणारं कार्ड याच जातीचं. असे दोष हार्डवेअर टीमच्या गळ्यात मारायचा मोह होतो. आधी रिट्यून तपासा.

५० मिलिसेकंदांबद्दल थोडं. हा आकडा बऱ्याच मेनलाइन ड्रायव्हरमध्ये दिसतो आणि सुरुवातीला ठीक आहे. शून्य ठेवला तर प्रत्येक रिक्वेस्टनंतर कंट्रोलर झोपेल, पुढच्या रिक्वेस्टला उठेल, कदाचित ट्यूनही होईल, आणि छोट्या-छोट्या वाचनांचा वेग मातीत जाईल. फिओ हे वेग मोजायचं टूल लावून ४ केबी रँडम रीड मोजा, मग आकडा हलवा.

५. सिस्टिम सस्पेंड: इथे कमी लिहा

सिस्टिम झोपताना आधी मूल झोपतं, मग आई. म्हणजे आधी कार्ड, मग कंट्रोलर. तुमचा सस्पेंड कॉलबॅक चालेपर्यंत कोअरने कार्डाचा कॅश फ्लश केलेला असतो, त्याला निरोप दिलेला असतो आणि सहसा वीजही काढलेली असते. तुम्ही कार्डाशी बोलायचं काहीच उरत नाही.

म्हणून रनटाइम कॉलबॅक नीट असतील तर सिस्टिमसाठी पीएम_रनटाइम_फोर्स_सस्पेंड आणि पीएम_रनटाइम_फोर्स_रिझ्यूम हीच जोडी द्या. कंट्रोलर आधीच झोपलेला असला तर ते क्लॉक दुसऱ्यांदा बंद करत नाहीत. दोन वेगळे कॉलबॅक लिहून दोन्हींत क्लॉक बंद करणं हा काउंट बिघडवण्याचा राजमार्ग आहे.

रिझ्यूमनंतर कार्ड लगेच सुरू होत नाही याचं नव्या माणसाला नवल वाटतं. कोअर ते मुद्दाम पुढे ढकलतो. पहिलं वाचन किंवा लेखन आलं की मगच कार्डाची पूर्ण तयारी होते. त्यामुळे बोर्ड चटकन उठतो, पण एखादं बिघडलेलं कार्ड उठल्यानंतर बऱ्याच वेळाने एरर देतं. लॉगमधल्या वेळा बघताना हे ध्यानात असू द्या. सस्पेंड-रिझ्यूम झालं की कार्डावरचं काहीतरी वाचायचं, तेही कॅशमधून नाही तर थेट. डीडी या कॉपीच्या कमांडला 'डायरेक्ट' हा फ्लॅग देऊन.

६. व्होल्टेजची भानगड

या लेखातली एकच पायरी वाचणार असाल तर ही वाचा.

यूएचएस कार्ड ३.३ व्होल्टच्या सिग्नलवर सुरू होतं आणि कमांड ११ नंतर १.८ वर उतरतं. उतरल्यावर परत वर यायचा एकच मार्ग आहे: वीज पूर्ण काढून परत देणं. रीसेटची कमांड, कंट्रोलरचं रीसेट, बोर्डचं वॉर्म रीबूट, कशानेही कार्ड ३.३ वर येत नाही. आता विचार करा. कोअरने रिझ्यूमसाठी वीज 'काढली' आणि 'दिली', पण तुमच्या बोर्डवर व्हीएमएमसी हा थेट ३.३ च्या रेलवर आहे आणि डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डवरचं हार्डवेअर कर्नलला सांगणाऱ्या वर्णनात) एक नावापुरता फिक्स्ड रेग्युलेटर लिहिलेला आहे. रेग्युलेटर फ्रेमवर्क खुशाल 'बंद केला' म्हणतं. कार्डाला काही कळलेलंच नसतं. कंट्रोलर ३.३ वर बोलतो, कार्ड १.८ वर कान लावून बसलंय, आणि लॉगमध्ये ओळ येते: 'एमएमसी०: एरर -११० व्हाइल्स्ट इनिशियलायझिंग एसडी कार्ड'. -११० म्हणजे टाइमआउट. यूएचएस नसलेलं जुनं कार्ड त्याच बोर्डवर निमूट चालतं, म्हणून ते हाताशी ठेवायला सांगितलं.

स्विच खरोखर असला तरी गोष्ट संपत नाही. स्पेसिफिकेशन म्हणतं की वीज काढल्यावर कार्डाचं व्होल्टेज ०.५ व्होल्टच्या खाली किमान १ मिलिसेकंद राहिलं पाहिजे. कोअर पॉवर सायकलमध्ये १ मिलिसेकंद थांबतो. पण सॉकेटजवळ मोठा कपॅसिटर असेल आणि त्याला रिकामं करायला वाट नसेल, तर तेवढ्यात व्होल्टेज ०.५ च्या खाली पोचतच नाही. ऑसिलोस्कोपचा प्रोब कार्डाच्या व्हीडीडी पिनवर लावा आणि उतार बघा. उतार लांब असेल तर रेग्युलेटरच्या नोडमध्ये 'ऑफ-ऑन-डिले-यूएस' हा विलंब द्या, आणि पुढच्या बोर्डवर डिस्चार्ज रेझिस्टर मागा.

यातही एक पाचर आहे. व्हीडीडी बंद, पण कमांड आणि डेटाच्या तारांवरचे पुल-अप (तार वर ओढून ठेवणारे रेझिस्टर) व्हीक्यूएमएमसीवरून चालूच, असं असेल तर त्या तारांतून करंट कार्डाच्या आत शिरतो आणि व्हीडीडी मधेच कुठेतरी लोंबकळत राहतो. स्कोपवर उतार अर्ध्यात सपाट झालेला दिसला की हेच. व्हीक्यूएमएमसीही बंद व्हायला हवा, किंवा पिनकंट्रोलच्या (चिपच्या पिनांची मांडणी ठरवणाऱ्या सबसिस्टिमच्या) 'स्लीप' स्थितीत त्या पिना खाली ओढलेल्या हव्यात.

आणि बोर्डवर स्विचच नसेल? मग खोटं बोलू नका. डिव्हाइस ट्रीमध्ये 'नो-१-८-व्ही' लिहा. कार्ड हाय स्पीडवरच राहील, वेग कमी मिळेल, पण रीबूटनंतर बूट रॉमला कार्ड सापडेल. मार्केटिंगवाले कुरकुरतील, त्यांना स्कीमॅटिक दाखवा.

७. ईएमएमसी आणि एसडीआयओ

ईएमएमसीला दोन पुरवठे असतात: व्हीसीसी आणि व्हीसीसीक्यू. सस्पेंडमध्ये कोअर दोन वाटांपैकी एक धरतो. दोन्ही पुरवठे खरंच बंद होतात असं डिव्हाइस ट्रीमध्ये 'फुल-पॉवर-सायकल' लिहून सांगितलं असेल (स्पेलिंगमध्ये पॉवरचं फक्त पीडब्ल्यूआर आहे) आणि चिपला ती सोय असेल, तर कोअर 'पॉवर ऑफ नोटिफिकेशन' पाठवतो. नाहीतर कमांड ५ ने चिपला झोपवतो. त्या झोपेत व्हीसीसी काढता येतो, व्हीसीसीक्यू मात्र चालूच लागतो. प्रॉपर्टी लिहिताना स्कीमॅटिक समोर ठेवा. ज्या बोर्डवर व्हीसीसीक्यू बंद होतच नाही तिथे ती लिहिली, तर चिप 'आता वीज जाणार' या भ्रमात राहते.

एसडीआयओवर वायफाय असेल तर नियमच बदलतात. वीज काढली की चिपमधलं फर्मवेअर गेलं. म्हणून 'कीप-पॉवर-इन-सस्पेंड' लिहावं लागतं, आणि वायफायच्या ड्रायव्हरनेही सस्पेंडच्या वेळी वीज ठेवण्याची मागणी करावी लागते. दोन्हींपैकी एक नसलं तर उपयोग नाही. नेटवर्कवरून बोर्ड जागा करायचा असेल तर 'वेकअप-सोर्स' हीही हवी.

एसडीआयओचा इंटरप्ट डेटा १ या तारेवरूनच येतो. कंट्रोलरचं क्लॉक बंद असेल तर कित्येक कंट्रोलरना तो दिसत नाही. म्हणून एसडीएचसीआय हा इंटरप्ट चालू असेपर्यंत रनटाइमचा काउंट धरून ठेवतं. वायफाय इंटरफेस वर असताना कंट्रोलर 'ॲक्टिव्ह'च दिसतो तो यामुळे. तो दोष समजून दुरुस्त करायला जाऊ नका, वायफायचा वेग पार बसेल.

८. कार्ड काढलं-घातलं हे कळणार कसं

कंट्रोलरचा स्वतःचा कार्ड-डिटेक्ट त्याच्या क्लॉकवर अवलंबून असेल, तर झोपेत कार्ड घातलेलं कळणार नाही. उत्तम उपाय म्हणजे वेगळा जीपीआयओ (चिपची साधी इनपुट-आउटपुट पिन): 'सीडी-जीपीआयओज'. तो नसेल तर 'ब्रोकन-सीडी' लिहा, मग कोअर दर सेकंदाला स्वतः डोकावतो. दर सेकंदाला कंट्रोलर उठतो, म्हणजे वीज वाचवायचा निम्मा हेतू तिथेच गळतो. कार्ड सोल्डर केलेलंच असेल तर 'नॉन-रिमूव्हेबल' लिहा आणि मोकळे व्हा.

९. तपासणी, याच क्रमाने

आधी रनटाइम. कंट्रोलरच्या सिसएफएस ('/सिस' खालच्या) फोल्डरमध्ये 'पॉवर' नावाचं उपफोल्डर असतं. त्यात 'रनटाइम_स्टेटस' वाचा: कार्ड निवांत असेल तर 'सस्पेंडेड' दिसायला हवं. 'ॲक्टिव्ह'वर अडकलं असेल तर 'रनटाइम_यूसेज' बघा. शून्य नसेल तर कुणीतरी काउंट धरून बसलंय. कोण, ते शोधायला ट्रेसिंगमध्ये 'आरपीएम' आणि 'एमएमसी' या दोन्ही गटांचे इव्हेंट एकत्र चालू करा. रिक्वेस्ट कधी संपली आणि सस्पेंड कधी झालं हे एकाखाली एक दिसतं.

मग सिस्टिम. एकदम खोल उडी नको. '/सिस/पॉवर/पीएम_टेस्ट' मध्ये 'डिव्हायसेस' लिहून सस्पेंड करा: सगळी डिव्हाइसं झोपतात, कर्नल ५ सेकंद थांबतो आणि परत उठतो, सीपीयू खरा झोपत नाही. इथे बिघडलं तर दोष बहुधा ड्रायव्हरमध्ये. इथे ठीक आणि खऱ्या सस्पेंडमध्ये बिघाड, तर पॉवर डोमेन किंवा रेग्युलेटरकडे बघा. त्यानंतर आरटीसीवेक (ठरल्या वेळी बोर्ड जागा करणारी कमांड) लावून रात्रभर झोप-ऊठ, प्रत्येक फेरीत कार्डावरून वाचन आणि चेकसम.

शेवटी वाकडी कामं: झोपेत कार्ड काढणं, झोपेत कार्ड बदलणं, मोठी फाइल लिहिली जात असताना सस्पेंड. ग्राहक पहिल्या दिवशी हेच करतात.

१०. लक्षणावरून दोष

पहिला उपाय सगळ्यांना सारखाच: कंट्रोलरच्या 'पॉवर/कंट्रोल' मध्ये 'ऑन' लिहा. रनटाइम पीएम थांबतो. दोष गेला, तर तो चौथ्या पायरीत आहे.

- उठल्यावर -११०, आणि फक्त यूएचएस कार्डांवर: सहावी पायरी.
- मधूनमधून -८४: रिट्यून किंवा डिले लाइनची रजिस्टरं.
- १० सेकंद सगळं थांबून 'टाइमआउट वेटिंग फॉर हार्डवेअर इंटरप्ट': रिझ्यूममध्ये इंटरप्ट परत चालू झाले नाहीत, किंवा क्लॉक मिळालं नाही. १० सेकंद ही एसडीएचसीआयची स्वतःची मुदत आहे.
- लॉग न देता बोर्ड अडकणं: बंद क्लॉकवर रजिस्टरला हात. इंटरप्ट हँडलर आणि स्वतः घातलेल्या डीबग फाइली आधी तपासा.
- एरर नाही, पण करंट जास्त: क्लॉकचा काउंट, नाहीतर डीबगएफएसमधली 'रेग्युलेटर_समरी' बघून चालू राहिलेला पुरवठा.

११. पॅच पाठवताना

कॉलबॅकभोवती इफडेफ घालू नका. 'पीएम_पीटीआर' आणि 'रनटाइम_पीएम_ऑप्स', 'सिस्टिम_स्लीप_पीएम_ऑप्स' ही मॅक्रो त्यासाठीच आहेत. पीएम बंद असलेल्या कॉन्फिगनेही एकदा बिल्ड करा, आणि तशा कर्नलवर कार्ड चालतं ना तेही बघा. क्लॉक चालू करायचं काम फक्त रनटाइम रिझ्यूमवर सोपवलं असेल तर तिथे ते कधीच चालू होणार नाही. डिव्हाइस ट्रीच्या बाइंडिंगमधला बदल वेगळ्या पॅचमध्ये ठेवा. कमिट मेसेजमध्ये कोणता बोर्ड, कोणतं कार्ड, कोणता मोड आणि कोणत्या सस्पेंड स्थितीत तपासलं ते लिहा. एमएमसीचे मेंटेनर उल्फ हॅन्सन यांनी रनटाइम पीएमच्या कोडवरही बरंच काम केलेलं आहे, तेव्हा काउंट कुठे वाढतो आणि कुठे उतरतो याचं उत्तर तयार ठेवूनच पॅच पाठवा.